लेकीच्या गावात कुठं जेवायचं

हौसराव : गाडी बंद करू नको, पोरी. चालूच ऱ्हाऊ दे. हितं मी उतरायचा न्हाई.

प्रतिभा : आबा, निदान आत डोकावून तर बघा. शिरूरमधलं सध्या सगळ्यात चालणारं हॉटेल आहे हे. ‘पाटलाची पंगत’. आमच्या कंपनीतली माणसं रविवारी इथं नंबर लावून उभी असतात. भाकरी, पिठलं, ठेचा. तुम्हाला आवडतं तेच सगळं.

हौसराव : त्ये भितीवर काय टांगलंय बघ. बैलगाडीचं चाक. ज्याच्या बापानं कवा कासरा धरला न्हाई त्यानं चाक भितीला लावलंय. आपल्या गोठ्यामागं असली चार चाकं सडत्यात, कुत्री तंगडी वर करत्यात त्यांच्यावर. आन् हितं लोकं त्याच्याखाली हुबं ऱ्हाऊन फोटू काढत्यात.

सरूबाई : अवं, आपण जेवाय आलोय. चाक खायचं न्हाई आपल्याला.

हौसराव : आन् त्यो दाराव फेटा बांधून कोण हुबा हाय?

प्रतिभा : वेटर आहे आबा.

हौसराव : फेटा कसा बांधलाय त्यो? शेमला कानाव आलाय. “आइए आबासाहेब” म्हणतोय बघ मला. पार बिहारातनं पोट भरायला आलं बिचारं, आन् ह्यांनी त्याला पाटील करून दारात हुबं केलं. त्याची काय चूक न्हाई म्हणा. आन् बोर्ड काय लिवलाय, ‘चुलीवरची भाकरी’. मागच्या अंगाला बघ जरा. लाल सिलेंडर वळीनं हुबं हायती. चुलीला सिलेंडर कवापासनं लागाय लागलं?

सरूबाई : मोतीबिंदू झालाय म्हनं. सिलेंडर बरं दिसलं लांबनं.

हौसराव : एका डोळ्यात झालाय. दुसरा शाबूत हाय.

प्रतिभा : आबा, मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचंच उद्या सकाळी सातला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, रात्री हलकं जेवा आणि आठच्या आत जेवा. आता पावणेसात वाजलेत. गावाहून, राहूहून डबा आणला असता तर हा प्रश्नच आला नसता.

हौसराव : त्ये तुझ्या आईला सांग. पंचेचाळीस वर्सं संसार केला, आन् निघताना डबा इसरली. पाण्याची बाटली घेतली, चंची घेतली, माझी टोपी बी घेतली. डबा तेवढा ऱ्हायला.

सरूबाई : ऱ्हायला. माणूस हाय मी बी.

प्रतिभा : आणि माझं घर इथून पाच मिनिटांवर आहे. मेथी निवडून ठेवलीय, पीठ काढून ठेवलंय. तीन भाकऱ्या थापायला मला किती वेळ लागतो? पण नाही. तुम्ही आज रात्री माझ्याच घरी झोपणार, गादी माझी, पंखा माझा, मच्छरदाणी माझी. ताट तेवढं नको.

हौसराव : लेकीच्या घरी लेकरू खेळूस्तवर बापानं तिथलं अन्न खायाचं न्हाई आन् पाणी प्यायचं न्हाई. ही माझ्या आज्ज्याच्या आधीपास्नं चालत आलेली रीत हाय. म्या काढली न्हाई, आन् मी मोडायचा बी न्हाई.

प्रतिभा : लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या.

हौसराव : म्हणून रीत शिळी व्हती का? चल, दुसरं हॉटेल दाव. शहर म्हणत्यात ना ह्याला?

प्रतिभा : हो, म्हणतात.

हौसराव : एक बायपास, दोन सिग्नल, आन् पावलोपावली मोबाईलची दुकानं. झालं शहर. आमचा बैलबाजार ह्याच्यापरीस मोठा भरायचा.

सरूबाई : चला वं. पोरीला गाडी काढू द्या. मागनं ट्रकवाला बोंबलतोय.

हौसराव : बोंबलू दे. त्याला जेवाय मिळालं आसंल.

प्रतिभा : हे घ्या, ‘ब्लू ऑर्किड’. फॅमिली रेस्टॉरंट आहे, एसी आहे, शांत आहे. आता आत येऊन बसलोच आहोत, तर निदान मेनू बघू.

हौसराव : मेनू दिसंल तर बघंन. दिवं का घालवल्यात ह्यांनी? बिल भरलं न्हाई का?

प्रतिभा : तशीच लाईटिंग असते आबा. वातावरण म्हणून.

हौसराव : काय खातोय त्ये दिसू नये म्हणून. उद्या डोळं बांधायचंच हाय, त्याचा आजच सराव करून घ्येतेस व्हय माझ्याकडनं?

सरूबाई : गार लागतंय गं. पाय वर घिऊ का?

प्रतिभा : नको आई, सोफा आहे. थांब, मी एसी कमी करायला सांगते. आबा, पनीर खाल का? पनीर अंगारा आहे, पनीर तुफानी आहे, पनीर धमाका आहे.

हौसराव : ह्ये जेवण हाय का लढाई? पिठलं इचार.

प्रतिभा : इथं पिठलं नसतं.

हौसराव : इचार तर.

प्रतिभा : विचारलं. नाही म्हणाला.

हौसराव : ‘नो सर’ म्हणला. म्या ऐकलं. पिठलं न्हाई ह्याला ‘नो सर’ म्हणल्यावर काय पोट भरतं का? आन् ती शेजारची मंडळी बघ. नवरा-बायको समोरासमोर बसल्यात, दोघं दोन मोबाईलात घुसल्यात, आन् लेकराच्या हातात तिसरा. लेकराच्या तोंडात घास कुणी घालायचा? त्या फेटंवाल्यानं?

प्रतिभा : आबा, हळू बोला.

हौसराव : मी हळूच बोलतोय. हितंच एवढं शांत हाय, मयताला आल्यावानी. उठा. सरे, चप्पल घाल.

सरूबाई : चप्पल सापडंना अंधारात.

प्रतिभा : आता साडेसात होतील आबा. चौकात डोशाचं दुकान आहे, मी पार्सल आणू का? गाडीतच खाऊ.

हौसराव : डोसा म्हंजी त्यो कागद ना? त्येलात भिजवल्याला? माणसानं त्याच्यात फरसाण बांधून न्यावं. खायाची वस्तू न्हाई ती.

प्रतिभा : मग इडली.

हौसराव : आजारी माणसाला देत्यात. मला डोळा झालाय, पोट न्हाई झालं.

प्रतिभा : मग काय खाणार तुम्ही? ह्या गावात जेवढं म्हणून खायचं आहे त्या सगळ्यावर तुम्ही थुंकून झालात.

हौसराव : म्या थुंकलो न्हाई. बोललो. एवढी शिकलीस, कंपनीत मालाला पास-नापास करायचं काम करतीस, आन् बाप जेवायची जागा पारखतोय तर तुला राग येतोय. आन् जावईबापू कुठं हायती आमचं? सासरा गावात आलाय, त्याचं तोंड बी दिसंना.

प्रतिभा : मल्हार सेकंड शिफ्टला आहे. अकराला सुटेल. जाताना मेथी निवडून गेला.

हौसराव : कोण?

प्रतिभा : मल्हार.

हौसराव : जावई मेथी निवडतो?

प्रतिभा : निवडतो. कपडे वाळत घालतो. कुकर लावतो. माझी फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा माझा डबाही भरतो.

हौसराव : सरे, ऐकलंस का? म्या लगीन लावताना पोराचं शेत बघितलं, नोकरी बघितली, हाडपेर बघितलं. मेथी निवडतो का त्ये इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.

सरूबाई : माझ्या बापानं बी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर मी आज सुखात आसते.

हौसराव : तुझी जीभ लई चालाय लागलीय शिरूरला आल्यापास्नं.

सरूबाई : भुकेनं चालतीय. अगं प्रतिभा, ती पप्पूची खानावळ हाय की. स्टँडाच्या समोर. आपल्या राहूचाच पोर.

हौसराव : सावळारामाच्या भावाचा पप्पू? त्यानं हितं खानावळ टाकलीय? ह्ये आधी का न्हाई सांगितलं? त्याची आय लई चांगलं कोरड्यास करायची. चल, तिकडं घे गाडी. तासभर फिरवलं मला, आन् आपला माणूस हितं बसलाय वाढायला.

प्रतिभा : तिथं नाही जायचं.

हौसराव : का? तिथं चाक न्हाई, अंधार न्हाई.

प्रतिभा : तिथं नाही म्हणजे नाही. बाकी कुठंही चला. परत त्या पंगतीत चला. मी तुमच्या पाया पडते, पण पप्पूकडं नको.

हौसराव : कारण?

प्रतिभा : कारण पप्पू ताट वाढताना विचारणार, “आबा, ताईकडं न्हाई जेवला?” आणि तुम्ही सांगणार. सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं. रीत काय, का पाळायची, किती वर्षं झाली.

हौसराव : मग त्यात चोरी हाय का काय?

प्रतिभा : वास्तुशांत आठवते ना तुम्हाला? तीन वर्षांपूर्वीची?

हौसराव : आठवती की. सत्यनारायणाचा परसाद तेवढा कपाळाला लावला व्हता म्या. मान ठिवला व्हता.

प्रतिभा : वर गच्चीवर शंभर माणूस जेवत होतं. मी दोन दिवस झोपले नव्हते. आणि तुम्ही खाली पार्किंगमध्ये, मल्हारच्या मोटरसायकलला टेकून, फडकं सोडून चटणी-भाकरी खात होतात. वॉचमन म्हणाला, काका, वर जेवण चालू आहे. तर तुम्ही त्याला बसवून सगळी रीत समजावून सांगितलीत. ‘लेकीला लेकरू न्हाई ना अजून.’ दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका मला डॉक्टरांचे पत्ते द्यायला लागल्या. एकीनं लिफ्टमध्ये माझ्या पोटाला अंगारा लावला. मला न विचारता. ऑफिसला चालले होते मी.

हौसराव : वॉचमनला काय ठावं, बोललो आपला.

प्रतिभा : तुम्ही नेहमीच ‘बोललो आपला’ असता आबा. सावळारामकाका लेकीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्याकडं जेवून आले, तर पारावर बसून त्यांची काय टिंगल केलीत तुम्ही! “सावळाराम लेकीच्या दारात ताट घिऊन बसला.” महिनाभर गावाला पुरली ती. आणि त्यांच्या धनश्रीला काय झालं पुढं? जुळी.

सरूबाई : जुळी झाली. दोन्ही पोरं.

हौसराव : सावळारामाला ना रीत, ना भात. कुणी बी पत्रावळ टाकली का बसतो. त्याचं मला सांगू नगस.

प्रतिभा : नाही सांगत. तुमचीच रीत सांगते. तुमची रीत लिफ्टमध्ये बसून माझ्या घरी येते, माझ्या गीझरच्या पाण्यानं अंघोळ करते, माझ्या सोफ्यावर बसून बातम्या बघते, आणि ताट दिसलं की तिला विटाळ होतो.

हौसराव : तोंड सांभाळून बोल, प्रतिभे.

सरूबाई : आता भांडू नगा. म्या सांगते एक. डबा इसरला न्हवता.

हौसराव : म्हंजी?

सरूबाई : म्या केलाच न्हवता.

हौसराव : का?

सरूबाई : म्हनलं, आज तरी पोटात कावळं वरडले का म्हातारा लेकीच्या पाटाव बसंल. सुंभ जळला तरी पीळ काय जळत न्हाई, ह्ये मातर ध्यानात न्हाई आलं माझ्या.

हौसराव : माझ्याशी डाव खेळलीस तू. ह्या वयात. आन् तू बी उपाशीच बसली आसतीस की रातभर!

सरूबाई : मी कशाला उपाशी बसते?

हौसराव : मग काय खाणार व्हतीस?

सरूबाई : मेथी-भाकरी. लेकीकडची.

प्रतिभा : आई, जाऊ दे.

सरूबाई : का जाऊ दे? मी जेवते हिच्या घरी. आज न्हाई, पयल्या वर्सापास्नं. दाताला आले तवा जेवले, गुडघ्याला आले तवा जेवले. आषाढात आले, तर हिनं पुरणाचं केलं व्हतं, दोन खाल्ल्या.

हौसराव : आन् मला सांगितलं न्हाई?

सरूबाई : तुमी इचारलं व्हतं का? तुमी म्हनायचा, “पोरगी बरी हाय का?” म्या म्हनायची, “बरी हाय.” झालं.

हौसराव : तरीच.

प्रतिभा : तरीच काय?

हौसराव : काय न्हाई. गाडी चालव.

प्रतिभा : तरीच काय, आबा?

हौसराव : तरीच तुझं एक बी लेकरू टिकलं न्हाई. मी तिकडं अकरा वर्सं तोंड बांधून बसलोय, आन् ही हितं पाटाव बसून पुरणपोळ्या—

सरूबाई : जीभ झडंल तुमची! काय बोलता, शुद्ध हाय का?

प्रतिभा : एक मिनिट. मी गाडी बाजूला घेते. हां. आता ऐका आबा, आणि मधी बोलू नका. पहिलं गेलं तेव्हा तीन महिने झाले होते. आई आली होती त्या आठवड्यात. मी तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. ती मऊ भात घेऊन बसली, म्हणाली खा. मी म्हणाले, तू खाल्लास तरच. मग ती माझ्याच ताटात जेवली. एक घास मला, एक घास तिला. तुमच्या रितीप्रमाणे ते पाप ना? त्या पापानं जगले मी.

हौसराव : तू तीन दीस उपाशी व्हतीस, ह्ये मला कुणी सांगितलं न्हाई.

प्रतिभा : तुम्हाला कुठं सांगणार? तुम्ही येता आणि दाराकडं तोंड करून बसता, कधी एकदा निघतो म्हणून. आणखी एक सांगते, तेही आजच ऐका. दिवाळीपासून आम्ही थांबवलं.

हौसराव : थांबवलं म्हंजी?

प्रतिभा : इंजेक्शनं, औषधं, पुण्याच्या चकरा. पाच वर्षं केलं सगळं, तीनदा केलं. आता बास. माझ्या अंगात आता जागा नाही सुई टोचायला. मल्हारच म्हणाला, पुरे, तू हवीस मला. मूल नाही होणार आता, आबा. ह्या घरात आम्ही दोघंच राहणार.

हौसराव : सरे, तुला ठावं व्हतं?

सरूबाई : व्हय.

प्रतिभा : म्हणजे तुमच्या रितीनं तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही. आज नाही, मी साठ वर्षांची झाले तरी नाही. माझ्या हातची भाकरी न खाताच जाल तुम्ही. मला आता त्याचंही काही नाही. फक्त तेवढं एकदा तोंडानं सांगा. मग मी स्वतः तुम्हाला पप्पूच्या दारात सोडते, आणि परत कधी विचारत नाही.

सरूबाई : बोला आता. मघापास्नं लई बोलत व्हता.

हौसराव : काच खाली घे. उकडतंय.

प्रतिभा : घेतली.

हौसराव : तुला काय वाटतं, तुझ्या अन्नाला मी नाक मुरडतो?

प्रतिभा : मला वाटतं तुम्ही मला शिक्षा करता. मूल नाही म्हणून.

हौसराव : शिक्षा? तुला? येडी का खुळी तू? भावकीतली म्हणत्यात मला. गावच्या सोसायटीच्या मीटिंगला म्हणत्यात. “हौसराव, आता जेवत जावा की लेकीकडं, लेकराचं काय खरं न्हाई आता.” कसं म्हणत्यात, त्वांड बघाय पायजे तू त्यांचं. वाळल्या झाडाला पाणी घालू नगा म्हणावं तसं. त्यांच्या नाकाव टिच्चून न्हाई जेवलो. मी तुझ्याकडं जेवलो आसतो, तर त्याचा अर्थ काय निघाला आसता? बापानंच आशा सोडली. मी जेवत न्हाई म्हंजी लेकरू यायचंय. आज न्हाई तर उद्या यायचंय. आसं चाललं व्हतं माझं.

प्रतिभा : अकरा वर्षं?

हौसराव : मग काय झालं? वाट बघायला मला काय शिफ्ट व्हती?

सरूबाई : सांगायचं व्हतं की मग पोरीला. पारकिंगात बसून वॉचमनला सांगितलं, हिला सांगायला काय धाड भरली व्हती?

हौसराव : असलं सांगत्यात व्हय कुणी? आशा बोलून दावली का हातची जाती.

प्रतिभा : आबा, मला एकदा जरी कळलं असतं ना...

हौसराव : रडू नगस. गाडी चालवायचीय तुला. आन् मी मघाशी आईला तुझ्या बोललो, त्ये मी... भूक लागली म्हंजी मला कळत न्हाई काय बोलतोय त्ये.

सरूबाई : भूक नसती तवा बी कळत न्हाई.

हौसराव : म्हण. आज तुझा दीस हाय. ती पाण्याची बाटली दे हिकडं.

सरूबाई : सपली. त्या गारठ्यात बसलो तवाच सपली.

प्रतिभा : थांबा, समोर दुकान आहे. बाटली आणते विकतची.

हौसराव : बाटलीतलं नगं. प्लास्टिकचा वास येतो त्याला.

प्रतिभा : मग?

हौसराव : तुझ्याकडं माठ हाय का?

प्रतिभा : आहे.

हौसराव : मग त्ये पाणी चालंल. गाडी काढ. आठ वाजाय आले, डॉक्टर कावंल.

(वीस मिनिटांनी. प्रतिभाचं स्वयंपाकघर.)

प्रतिभा : खाली बसता का, पाट देऊ? का टेबलावर?

हौसराव : टेबलाव माणूस जेवतो का हिशेब तपासतो? पाट दे. आन् ह्यो काय माठ? नळ बसवलाय माठाला. मातीच्या माठाला पितळंची तोटी! पाटलाच्या पंगतीत शोभंल.

सरूबाई : पाणी कसं लागलं त्ये सांगा.

हौसराव : पाण्यासारखं. अजून दे एक तांब्या.

प्रतिभा : हळू प्या आबा, ठसका लागेल.

हौसराव : लागू दे. किती भाकऱ्या टाकतीस? एकच पुरं. डॉक्टर म्हणलाय हलकं.

प्रतिभा : दोन टाकल्यात.

हौसराव : जाड झालीय कडंला. तुझ्या आज्जीची भाकरी बघितली आसतीस तर कळलं आसतं. पापुद्रा आसा फुगायचा.

प्रतिभा : हो आबा.

हौसराव : आन् मीठ कमी हाय मेथीत.

प्रतिभा : देऊ वरून?

हौसराव : ऱ्हाऊ दे. कांदा फोडून दे. चाकूनं नगं, बुक्कीनं. आण, मीच फोडतो.

सरूबाई : गप जेवा की वं. लेकीच्या घरी पयल्यांदा बसलाय पाटाव, चार शब्द गोड बोला.

हौसराव : मी खोटं बोलायला बसलो न्हाई, जेवाय बसलोय. खरं सांगू का पर? काडी मातर एक बी न्हाई लागली दाताखाली.

प्रतिभा : मल्हारनं निवडलीय.

हौसराव : ठावं हाय मला. किती वाजता येतो म्हणलीस त्यो?

प्रतिभा : अकरा वाजून जातात. का?

हौसराव : त्याची भाजी येगळी काढून ठेव आधी. मी उठूस्तवर कढईत काय उरायचं न्हाई.